टाचेचे दोन ठोके

धक्क्यावर त्याला सगळे घुम्या म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर त्यात धक्क्याची काही चूक नव्हती. तीस वर्षं बोटीवर गिऱ्हाइकं घेऊन जाणारा माणूस, रोज नवे चेहरे, रोज नव्या गप्पा, आणि याच्या तोंडून दिवसाकाठी दहा वाक्यं निघाली तर डोक्यावरून पाणी. बर्फवाला तर तोंडावर म्हणायचा, "तुझ्याशी बोलण्यापेक्षा मी माझ्या लादीशी बोलतो. ती निदान वितळते तरी." घुम्या हसायचा. हसायला त्याची कधी ना नव्हती.

पण तो जन्माचा घुम्या नव्हता हो. त्याला तसा धंद्याने केला.

धंदा असा, की सुट्टीच्या दिवशी हौशी माणसं मासे धरायला यायची. विकायला नाही, खायलाही नाही, नुसती हौस. घुम्या त्यांना खडकाच्या कडेला न्यायचा, जिथे हिरवं पाणी एकदम काळंनिळं होतं, आणि इंजिन बंद करायचा. मग रॉड हातात घेऊन खोटा फेकायचा. खोटा म्हणजे लाकडाचा चकचकीत रंगवलेला मासा, पोटाखाली दोन गळ. तो लांब फेकायचा आणि रीळ फिरवत फिरवत बोटीकडे ओढत आणायचा. एवढंच. शेंबडं पोरही करील.

अवघड असतो तो शेवटचा हातभर. त्या पाण्यात बाराकुडा असतो, धक्क्यावर त्याला पाठलाग्या म्हणतात. लांबट, रुपेरी, खालचा जबडा पुढे आलेला, आणि दात असे की बघूनच माणसाने बोटं खिशात घालावीत. हा लगेच तोंड मारत नाही. खोट्याच्या मागे मागे येतो, थोडं अंतर ठेवून, थेट बोटीपर्यंत. नुसता बघतो. खोटा जरा रेंगाळला की त्याला कळतं, यात काही दम नाही, आणि तो पाठ फिरवतो. पण बोटीजवळ आल्यावर खोट्याने जीव घेऊन पळाल्यासारखा वेग घेतला, एकदम वळण घेतलं, की मग त्याला राहवत नाही. बोटीच्या काठाशी, तुमच्या नाकाखाली पाणी फुटतं आणि रॉड वाकतो.

आणि नेमका तिथेच माणूस कच खातो. कोणी खोटा जवळ आला म्हणून सरळ वर उचलून घेतो, आणि एवढ्या लांबून आलेला मासा खालून बघत राहतो. कोणाला मागे सावली दिसते आणि त्याचा हातच थांबतो. सगळ्यात वाईट म्हणजे कोणी ओरडलं तर. "आला, आला, मागे आला!" म्हणायचा अवकाश, रीळ फिरवणारा दचकून मान वळवतो आणि हात जागच्या जागी. म्हणून या बोटीवर एकच कडक नियम होता. मासा मागे दिसला तर तोंडातून ब्र काढायचा नाही.

मग रीळ फिरवणाऱ्याला कळायचं कसं? त्याची तोड बायकोने काढली होती.

बायको पहिल्यापासून बोटीवर. केबिनच्या मागे एक लाकडी पेटी होती, तिच्यावर ती उभी राहायची, एका हाताने लोखंडी कठडा धरून, पाण्यावर डोळे लावून. पाठलाग्या दिसला की टाच पेटीवर दोनदा आपटायची. ठक, ठक. अर्थ एकच, मागे आहे, जवळ आलाय, हात जलद कर. "टाच आपटल्यावर मासा बिचकत नाही का?" असं एखादा दीडशहाणा विचारायचाच. "मासा नाही बिचकत," ती म्हणायची, "बिचकतो तो माणूस." ती बोलायची हं, नवऱ्याच्या वाटणीचंही तीच बोलायची. लेकीला तर हे ठोके बोलायला यायच्या आधी कळायला लागले होते. शाळेला उशीर होत असला की स्वयंपाकघरातून ठक, ठक, आणि लेक दप्तर काखेत मारून पळत सुटायची.

तर ती बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. आणि त्या दोन वर्षांत घुम्याने एक गोष्ट पोटात ठेवली होती. ती लेकीला सांगितली तर लेक कायमची जाईल, ही धास्ती. आणि न सांगावी, तर ती तशीही जातच होती, दर खेपेला थोडी थोडी. आधी महिन्याला यायची, मग तीन महिन्यांनी. यायची, चहा घ्यायची, आईच्या फोटोसमोर दोन मिनिटं उभी राहायची आणि बसचं घड्याळ बघायला लागायची. बापाला सगळं दिसत होतं. बोलत नसला तरी आंधळा नव्हता तो.

ती गोष्ट काय ते सांगून टाकतो, उगाच टांगून ठेवत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी बायको धक्क्याच्या पायऱ्यांवर बसली ती उठलीच नाही. डोक्यात रक्ताची गाठ. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "आठ-दहा दिवस धरून चाला. जवळचं कोण असेल त्याला बोलावून घ्या." जवळचं म्हणजे कोण, एकुलती एक लेक. ती लांबच्या शहरात, जहाजाच्या इंजिनाचं शिकत होती, आणि तिची शेवटची परीक्षा दुसऱ्या दिवशी सुरू होऊन दहा दिवस चालणार होती. चार वर्षांचं शिक्षण. घुम्या दवाखान्याच्या जिन्यात फोन हातात घेऊन उभा राहिला. आणि त्याच्या डोक्यात काय यावं? बोटीवरचा नियम. आत्ता ओरडलं तर पोर दचकेल, हात थांबेल, सगळं हातचं जाईल. परीक्षा होऊ दे. मग सांगू.

नऊ दिवस तो रोज संध्याकाळी लेकीला फोन करत होता. "आई कुठे?" "घसा बसलाय तिचा, बोलवत नाही." "बरं," लेक म्हणायची. आणि खाटेपाशी येऊन बायकोला सांगत होता, "निघालीय ती. येतेय." दहाव्या दिवशी पहाटे बायको गेली. लेक आली ती सगळं आटोपायलाच. तिला त्याने सांगितलं, "अचानक झालं गं. झोपेतच गेली."

धक्क्यावरची माणसं बायकोला बघायला दवाखान्यात जाऊन आलेली. त्यांना वाटलं, लेकीला कळवलंच असेल. "आई नऊ दिवस पडून होती आणि हिला परीक्षा सुटली नाही!" असं बाया आपसात बोलायच्या. घुम्याच्या कानावर यायचं. एक शब्द टाकला असता तर लेकीवरचा बोल गेला असता. पण नाही. मूग गिळून बसला.

आणि आता लेकीचा फोन आला होता. "बाबा, रविवारी येतेय. बोटीवर जाऊ आपण. गिऱ्हाईक घेऊ नका. चारच्या बसने मला परत निघायचंय."

बोटीवर! आई गेल्यापासून तिने बोटीत पाऊल ठेवलं नव्हतं. घुम्या धास्तावला, आणि त्याच धास्तीत थोडा आनंदही होता. शनिवारी त्याने बोट घासली, दोन्ही रॉडची तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, बदलली, खोट्यांचे गळ कानशीने धार लावून ठेवले. रविवारी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून धक्क्यावर हजर.

"काय घुम्या, लग्नाला निघालास की काय?" बर्फवाल्याने विचारलं.

"लेक येतेय," तो म्हणाला.

"अरे वा! आज दोन शब्द एकदम!"

लेक आली. केस आईसारखे आवळून बांधलेले, हाताला इंजिनाच्या तेलाचे काळे डाग, जे किती घासले तरी जात नाहीत. मोठ्या बंदरातल्या वर्कशॉपमध्ये ती नोकरीला होती. तिने बापाकडे बघितलं, सदऱ्याकडे बघितलं आणि नुसतं "चला" म्हणाली.

केबिनमध्ये तिच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स काचेत लावून टांगलेली होती. गिऱ्हाइकांना दिसावी म्हणून. घुम्या ती बोटाने दाखवायचा, बोलायचा नाही, पण छाती जरा पुढे यायची. लेकीने तिच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

"हे इथून काढा," ती म्हणाली.

"का गं?"

"काढा म्हटलं ना."

त्याने काढली नाही. इंजिन चालू केलं.

खडकाच्या कडेपर्यंत जायला पाऊण तास. त्या पाऊण तासात त्याने मनात वीस वेळा सुरुवात केली. 'हे बघ, तुझी आई गेली ना...' पुढचं वाक्य काही येईना. लेक काठावर बसली होती, पाण्यात हात घालून, लहानपणी बसायची तशीच. तिचा चेहरा मऊ झालेला त्याला दिसला. त्याला वाटलं, पोर जवळ येतेय. आज आपणहून आलीय, बोटीवर बसलीय. आता मध्येच काही बोललो तर बिचकेल. जरा दम धरू. बघा, काय माणूस आहे! एकदा तोंडघशी पडला तरी पुन्हा तीच चाल.

कडेला येऊन त्याने इंजिन बंद केलं. शांत झालं. बोट हळूहळू वाहवत राहिली.

"मी फेकते," लेक म्हणाली. "तुम्ही पेटीवर उभे राहा."

"पेटीवर कशाला? मी इथूनच बघतो."

"इथून दिसत नाही. आई काय हौस म्हणून उभी राहायची का?"

दोन वर्षांत त्या पेटीवर उभं राहून कोणी पाणी बघितलं नव्हतं. तो चढला. कठड्याला एका जागी, बरोबर हात धरायच्या ठिकाणी, पांढऱ्या कापडाची पट्टी घट्ट गुंडाळलेली होती, उन्हाने पिवळी पडलेली.

"हे काय गुंडाळलंय?" लेकीने खालून विचारलं.

"हात घसरतो," तो म्हणाला.

लेकीने त्या पट्टीकडे बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं. मग वळली आणि खोटा फेकला. हात विसरला नव्हता तिचा. खोटा सुंदर गेला, लांब, आणि बारीक थेंब उडवून पाण्यात पडला. रीळ फिरायला लागली.

चार-पाच वेळा काहीच नाही. सहाव्या वेळी घुम्याला तो दिसला. आधी पाण्यातला एक फिका पट्टा, मग पाठीवरच्या काळ्या रेघा, मग तो डोळा. चांगला कंबरेएवढा लांब. खोट्याच्या मागे, एक हात अंतर ठेवून, शेपटी न हलवल्यासारखा येत होता. घुम्याने पाय उचलला. आणि तो पाय तसाच राहिला. टाच खाली येईना. ते दोन ठोके त्याने शेवटचे कुठे ऐकले होते ते आठवलं. खोटा बोटीपाशी आला, लेकीने काठाजवळ रॉडचं टोक फिरवून नुसतं वळण दिलं, पण हात संथच होता. पाठलाग्याने एकदा बघितलं आणि खाली निघून गेला.

"होता ना?" लेक म्हणाली.

"कोण?"

"कोण काय, बाबा! मागे होता. मला सावली दिसली. ठोके का नाही दिलेत?"

"मला नीट दिसला नाही. ऊन आहे ना पाण्यावर."

तिने दातांनी खालचा ओठ धरला, आणि ही खूण त्याला तिच्या पाळण्यापासून माहीत होती. तिने पुन्हा फेकला. त्याच जागी. आणि तोच मासा पुन्हा आला, या वेळी जास्त जवळून, जास्त हट्टाने. वीस हात. दहा हात. घुम्याला वाटलं, एवढं तरी करू पोरीसाठी. मासा तरी मिळू दे तिला.

त्याने टाच आपटली. ठक, ठक.

लेकीचा हात थांबला.

दचकून नव्हे. तिने जाणूनबुजून हँडल सोडून दिलं. खोटा जागच्या जागी हलकेच तरंगून वर आला, मेलेल्या माशासारखा. पाठलाग्या क्षणभर त्याच्याखाली थबकला आणि वळून गेला.

"मला कळतो त्याचा अर्थ," ती पाठमोरीच म्हणाली. "तुम्हालाही कळत होता."

घुम्याने कठडा घट्ट धरला.

"तालुक्याला एका बोटीचं इंजिन दुरुस्त करायला आलो होतो, तिथे वर्कशॉपमधल्या एकाचा हात मशीनमध्ये आला. त्याला घेऊन मी तालुक्याच्या दवाखान्यात गेले होते," लेक सांगायला लागली. आवाज अगदी सपाट. "तिथल्या नर्सबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, तुझे डोळे कोणासारखे आहेत गं? मग त्यांनाच आठवलं. म्हणाल्या, बिचारी नऊ दिवस होती. वाचा नव्हती, पण डाव्या हाताच्या बोटांनी खाटेच्या कठड्यावर सारखं दोनदा वाजवायची. दोनदा वाजवायची आणि दाराकडे बघायची. आम्हाला वाटायचं पाणी हवंय. पाणी द्यायला गेलं की मान फिरवायची." ती बापाकडे वळली. "मी आठ दिवस वाट बघितली, बाबा, तुम्ही सांगाल म्हणून. इथे येईपर्यंत वाट बघितली. आता तरी तुमच्या तोंडून ऐकू दे."

घुम्या पेटीवरून खाली उतरला. उतरला म्हणजे बसलाच. आणि मग त्या माणसाने, ज्याने कित्येक वर्षांत सलग तीन वाक्यं बोलली नव्हती, त्याने घडाघडा सगळं सांगून टाकलं. जिना, फोन, परीक्षा, घसा बसल्याची थाप. काही झाकलं नाही.

"आणि आईला काय सांगत होतात?"

"तू निघालीस म्हणून. येतेस म्हणून."

"रोज?"

"रोज."

"मग ती काय करायची?"

"पुन्हा दोनदा वाजवायची."

लेकीच्या हातातला रॉड निसटला. तिने तो उचलला नाही. ती रडेल, ओरडेल, त्याला लाथ मारेल, काय वाटेल ते करेल, असं त्याला वाटलं आणि ते सगळं चाललं असतं त्याला. पण ती केबिनमध्ये गेली आणि ती काचेतली झेरॉक्स काढून घेऊन आली. त्याच्या मांडीवर ठेवली.

"तारीख वाचा."

त्याने वाचली. ती तारीख त्याने पूर्वीही बघितली होती. बायको गेल्यानंतर सहा-सात महिन्यांची होती. त्याला वाटलेलं, सरकारी कागद, उशीर व्हायचाच.

"मी परीक्षा दिलीच नव्हती तेव्हा," लेक म्हणाली. "पहिल्याच पेपरला हात-पाय गार पडले. अर्ध्या तासात उठून बाहेर आले. मग एकाही पेपरला गेले नाही. नऊ दिवस खोलीवर पडून होते भिंतीकडे बघत. तुम्हाला काय सांगू? तुम्ही दोघांनी धक्काभर सांगून ठेवलेलं, लेक इंजिनिअर होणार म्हणून. तुम्ही फोनवर म्हणालात आईचा घसा बसलाय, तर मला बरं वाटलं, बाबा. बरं वाटलं! कारण आईशी बोलले असते तर तिने माझ्या आवाजावरून ओळखलं असतं. मग पुढच्या खेपेला बसले आणि पास झाले. तुम्हाला सांगितलं, निकाल उशिरा लागला. आपण दोघं एकाच माळेचे मणी आहोत."

घुम्या त्या कागदाकडे बघत राहिला. ज्या परीक्षेसाठी त्याने बायकोला नऊ दिवस दाराकडे बघत ठेवलं, ती परीक्षा तिने दिलीच नव्हती. पोर मोकळी होती. एका बसच्या अंतरावर मोकळी होती. नुसतं "ये" म्हणायचं होतं. त्याने दोन्ही हात तोंडावर दाबले, आणि त्या हातांमागून जो आवाज आला तो लेकीने कधी ऐकला नव्हता.

ती जवळ आली नाही. पण लांबही गेली नाही. काठावर बसून राहिली.

हात खाली घेऊन तो म्हणाला, "अजून एक आहे."

"अजून काय राहिलं?"

"ती पट्टी." त्याने मान वर न करता कठड्याकडे बोट केलं. "ती त्या खाटेचीच आहे, मीच आणून इथे बांधली. चौथ्या दिवशी मी नर्सबाईंना म्हटलं, वाजवून वाजवून हिची बोटं सोलवटतील, कठड्याला काहीतरी गुंडाळा."

"ते सांगितलं त्यांनी मला. म्हणाल्या, तुझ्या बाबांचा फार जीव होता. आईच्या बोटांची किती काळजी."

"बोटांसाठी नव्हतं ते," घुम्या म्हणाला. "मला तो आवाज ऐकवत नव्हता. ती सांगत होती, जलद कर, जलद कर, आणि मला कळत होतं. पट्टी गुंडाळल्यावर आवाज बंद झाला. बोटं हलायचीच. शेवटपर्यंत हलत होती. पण आवाज यायचा नाही. मग मी शेजारी बसून चहा पिऊ शकलो."

लेक उठली. पेटीवर चढली. पट्टीची गाठ खाऱ्या हवेने दगडासारखी झाली होती. तिने ती नखांनी, मग दातांनी सोडवली. वेढे उलगडत गेली, एक एक. खालचं लोखंड तेवढ्याच जागी चकचकीत राहिलं होतं. पट्टीची घडी करून तिने आपल्या खिशात ठेवली.

"ती मला दे," घुम्या म्हणाला.

"नाही."

ऊन डोक्यावर आलं होतं. बोट वाहवत कडेपासून बरीच लांब आली होती, खाली नुसतं उथळ वाळूचं पाणी, तळ दिसावा असं. इथे पाठलाग्या येत नाही हे दोघांनाही माहीत होतं.

"धक्क्यावर सांगतो मी," घुम्या म्हणाला. "सगळ्यांना सांगतो. तुला कळवलंच नव्हतं म्हणून."

"सांगा."

"पुन्हा येशील का गं?"

"माहीत नाही," लेक म्हणाली. "आत्ता काही विचारू नका. चारच्या बसने मी जाणारच आहे." मग पेटीवरूनच म्हणाली, "रॉड उचला."

"इथे काही नाहीये पोरी."

"उचला म्हटलं ना. फेका."

तो उठला. गुडघे वाजले. रॉड उचलला, खोटा फेकला, वाईट फेकला, वाकडातिकडा गेला तो. रीळ फिरवायला लागला. हात सवयीने संथ फिरत होता. मागे पेटीवर ती उभी होती, आईच्या जागी, उघड्या कठड्यावर हात ठेवून.

ठक, ठक.

घुम्याने मान वळवली नाही. पाण्यात काहीही नव्हतं. तळाची वाळू दिसत होती, खोट्याची सावली दिसत होती, बाकी काही नाही. तरी त्याने हात जलद केला. आणखी जलद केला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या त्या पुसायला थांबला नाही, मनगट भरून आलं तरी थांबला नाही, आणि खोटा पाण्यावरून उड्या मारत आला आणि बोटीच्या काठावर येऊन आपटला.

तो तसाच उभा राहिला, धापा टाकत.

"पुन्हा," लेक वरून म्हणाली. तिचाही आवाज फुटला होता.

त्याने तंगूस मोकळी केली आणि खोटा पुन्हा लांब फेकला.